थँक्सगिव्हिंग: शेतापासून सुटलेला सुगीचा सण

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग हा सुगीचा सण म्हणून ओळखला जातो, पण तो येतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तोवर मॅसॅच्युसेट्समधला मका काढून कधीच कणगीत पडलेला असतो, भोपळे घरात आलेले असतात आणि जमीन गोठायला लागलेली असते. कॅन्ससचा गहू जून-जुलैतच कापून झालेला असतो, तर फ्लोरिडात भाजीपाल्याचा हंगाम तेव्हा कुठे सुरू होत असतो. एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांची सुगी एका दिवशी येणे शक्यच नाही. आपल्याकडेही नवान्न पौर्णिमेचे नवे कोकणातल्या भाताशी बांधलेले आहे आणि लातूर-धाराशिवची वेळ अमावस्या रब्बीच्या उभ्या पिकाशी. पीक बदलले की सण बदलतो, तिथी बदलते. सुगीचा सण मुळात गावचा असतो, फार तर एखाद्या खोऱ्याचा. तो सगळ्या देशाचा करायचा म्हणजे आधी त्याला शेतातून उपटावे लागते. थँक्सगिव्हिंगचा इतिहास हा या उपटण्याचाच इतिहास आहे. हा सण राष्ट्रीय झाला तो शेतात राबणाऱ्यांमुळे नव्हे, तर शेत सोडून आलेल्यांमुळे, आणि त्या प्रवासात सुगी मूळची ज्यांची होती ते लोक ताटाबाहेर राहिले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात करायला हवी ती १६२१ पासून, कारण सणाची प्रचलित कथा तिथूनच सुरू होते. आदल्या वर्षाच्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. पुढच्या शरद ऋतूत पीक हाती आल्यावर प्लिमथच्या वसाहतीत मेजवानी झाली. ती प्रत्यक्ष पाहिलेल्या एडवर्ड विन्स्लोने डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला धाडलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे, आणि ते अवघ्या एका परिच्छेदाचे आहे. गव्हर्नरने चार माणसांना पक्षी मारायला पाठवले, त्यांनी आठवडाभर पुरेल एवढी शिकार आणली. वसाहतकऱ्यांनी बंदुका चालवून करमणूक केली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली. इंग्रज उरले होते पन्नासच्या आसपास. म्हणजे या पंगतीत पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट होते. टर्कीचे नाव या पत्रात नाही. देवाचे आभार मानण्यासाठी म्हणून हा दिवस पाळल्याचा उल्लेखही नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा साजरा झाल्याचा पुरावा तर कुठेच नाही.

त्याच पत्रात पिकाचा हिशेबही आहे, आणि माझ्या मते मेजवानीच्या वर्णनाहून तो जास्त बोलका आहे. वसाहतीने वीस एकरांत मका लावला होता आणि सहा एकरांत सातू व वाटाणा. मका चांगला आला, सातू बेताचा, वाटाणा वेचण्याच्याही लायकीचा निघाला नाही. सातू आणि वाटाण्याचे बी इंग्लंडहून आले होते. मका इथल्या मातीतला होता, आणि तो कसा लावायचा हे शिकवले होते टिस्क्वॉन्टम नावाच्या एका स्थानिक माणसाने. लागवडीत खत म्हणून मासे घालायची रीत त्याने दाखवली. या टिस्क्वॉन्टमला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तिथून सुटून लंडनमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचे पटुक्सेट हे गाव युरोपीय खलाशांबरोबर आलेल्या साथीत साफ झालेले होते. प्लिमथ वसली ती याच रिकाम्या गावाच्या जागेवर, त्याच्या लोकांनी साफ केलेल्या शेतांत. तेव्हा १६२१ ची सुगी खऱ्या अर्थाने कुणाची, या प्रश्नाचे उत्तर यजमानांच्याच लेखणीतून मिळते: जमीन पटुक्सेटची, बी इथले, विद्या टिस्क्वॉन्टमची. ताटात काय असावे याचाही अंदाज यावरून बांधता येतो. मका, घेवडा, भोपळा, हरणाचे मांस, बदके, आणि किनाऱ्यावर मुबलक मिळणारे वाम, शिनाणे, शेवंड. बटाटा तिथे पोचलेला नव्हता. वसाहतीत पहिली गुरे आली १६२४ मध्ये, त्यामुळे लोणी घालून केलेले भोपळ्याचे ‘पंपकिन पाय’ त्या पंगतीत असणे शक्य नव्हते.

मग आभारदिनाची प्रथा आली कुठून? ती आली तिथे वसलेल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट लोकांच्या प्रार्थनागृहातून, आणि तिचा स्वभाव मेजवानीच्या उलट होता. प्युरिटनांनी कॅथलिक पंथाचे ठरावीक सणवार मोडीत काढले होते. त्यांच्या मते देव प्रसन्न झाला तर त्या घटनेपुरता आभाराचा दिवस पाळावा, कोपला तर उपासाचा. दोन्ही दिवशी कामधंदा बंद आणि लांबलचक प्रवचन. १६२३ मध्ये दुष्काळ हटवणारा पाऊस पडला म्हणून प्लिमथने असा दिवस पाळला. पण याच रीतीने १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने पेक्वॉट लोकांवरच्या विजयाबद्दलही आभार मानले, आणि त्या युद्धात शेकडो बायामुलांसह एक आख्खी वस्ती जाळली गेली होती. १६७६ मध्ये मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढताना मारला गेला, तेव्हा त्याचे मुंडके प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षे टांगून ठेवले होते. आभार पिकाचे, पावसाचे तसेच शत्रूच्या नाशाचेही असत. हळूहळू न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, शरद ऋतूतला आभारदिन दरवर्षीचा झाला. त्याला खाण्यापिण्याची जोड मिळाली याचे एक कारण म्हणजे ख्रिसमस नव्हता. मॅसॅच्युसेट्सने १६५९ ते १६८१ ख्रिसमस पाळण्यावर कायद्याने बंदी घातली होती, दंड पाच शिलिंग. नंतरही तिथे तो दिवस बराच काळ सुनासुनाच जाई. इंग्लंडमध्ये नाताळात होणारे भाजलेले पक्षी, मसालेदार पाय, घरच्यांची पंगत हे सगळे इथे महिनाभर आधी सरकले. ज्याला आपण सुगीचे जेवण समजतो त्यातला मोठा भाग म्हणजे जागा बदललेला नाताळ आहे.

या सगळ्यात १६२१ ची मेजवानी कुठेही आठवली जात नव्हती. ती उजेडात आली १८४१ मध्ये. त्या वर्षी बॉस्टनचे धर्मोपदेशक अलेक्झांडर यंग यांनी जुनी कागदपत्रे छापताना विन्स्लोच्या पत्राला तळटीप जोडली की, हा न्यू इंग्लंडच्या सुगीच्या सणाचा पहिला प्रसंग. दोनशे वीस वर्षांनी लिहिलेली ही तळटीप पुढे सणाची जन्मपत्रिका झाली. त्याच सुमाराला सारा जोसेफा हेल हे नाव पुढे येते. न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूपोर्टची ही बाई १८२२ मध्ये पाच मुले पदरात असताना विधवा झाली आणि लेखणीवर संसार चालवू लागली. तिच्या १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर एक प्रकरणच आहे. टेबलाच्या मानाच्या जागी भाजलेला टर्की आणि शेवटाला पंपकिन पाय ही मांडणी तिथे तपशिलाने भेटते. १८३७ पासून चाळीस वर्षे ती फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ची संपादक होती. यादवी युद्धाच्या तोंडावर या मासिकाचा खप दीड लाखाच्या आसपास होता, आणि त्या काळात तो अफाटच म्हणायचा. १८४६ पासून तिने धोशा लावला की सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी हा सण पाळावा. अग्रलेख, गव्हर्नरांना पत्रे, राष्ट्राध्यक्षांना पत्रे आणि सोबत पाककृती. उत्तर आणि दक्षिण एकमेकांपासून तुटत असताना एका दिवशी सगळ्या देशाने एकसारखे जेवावे, म्हणजे देश एक राहील, असा तिचा हिशेब होता.

दक्षिणेला हा हिशेब बरोबर कळला होता, म्हणूनच तिथे विरोध झाला. उत्तरेकडचे धर्मोपदेशक याच दिवशी गुलामगिरीविरुद्ध प्रवचने देत. व्हर्जिनियाचे गव्हर्नर हेन्री वाइज यांनी १८५६ मध्ये हेलबाईंची विनंती धुडकावली, ती हा राष्ट्रीय तमाशा आहे असे म्हणूनच. शेवटी २८ सप्टेंबर १८६३ ला तिने लिंकन यांना पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार सगळ्या देशाने पाळावा. परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांच्या हातचा हा मजकूर नीट वाचावा असा आहे. त्यात भरल्या शेतांचा उल्लेख आहे खरा, पण त्याच्याच जोडीला लोखंड-कोळशाच्या खाणी, धोटा, जहाजे, वाढती लोकसंख्या, पुढे सरकणाऱ्या वसाहतींच्या सीमा, आणि युद्धातल्या विधवा व पोरके यांचा आहे. मेफ्लॉवर, प्लिमथ, वाम्पानोआग यांचा एका शब्दानेही नाही. याआधीचे राष्ट्रीय आभारदिनही तपासून पाहावेत. डिसेंबर १७७७ चा दिवस साराटोगाच्या लढाईतल्या विजयाबद्दल होता. २६ नोव्हेंबर १७८९ चा, वॉशिंग्टन यांनी जाहीर केलेला, नव्या राज्यघटनेबद्दल. १८६३ च्याच ऑगस्टमध्ये लिंकन यांनी युद्धातल्या यशाबद्दल आणखी एक दिवस पाळायला लावला होता. जेफरसन यांनी तर धर्माच्या बाबतीत सरकारने पडू नये म्हणून असा दिवस जाहीर करायलाच नकार दिला होता. त्यांचा आक्षेप चर्चविषयी होता. शेताशी या वादाचा संबंधच आला नाही.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. १८६० च्या जनगणनेनुसार शहरांत राहणारे अमेरिकन पाचात एक होते. देश अजून शेतकऱ्यांचाच होता. मग शेत सोडलेल्यांनी हा सण घडवला असे कसे म्हणता येईल? पण सण कोणी पाळला यापेक्षा त्याचे रूप कोणी ठरवले हे पाहायला हवे. न्यू इंग्लंडच्या दगडाळ जमिनीवरून तरुण मंडळी तोवर पश्चिमेकडे आणि गिरणीगावांकडे निघून गेली होती, आणि मासिके वाचणारा वर्ग शहरी होता. १८६७ मध्ये करियर अँड आइव्ह्ज या छपाई कंपनीने जॉर्ज ड्यूरी यांच्या चित्रावरून ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ हे रंगीत चित्र काढले, आणि त्याच्या प्रती दिवाणखान्यांतून लागल्या. चित्रात एक जुने शेतघर आहे, अंगणात बर्फ आहे, बर्फावरून ओढायची गाडी आहे, आणि दारात घरची माणसे परतलेल्या पाहुण्याचे स्वागत करत आहेत. शेतात कुणी राबत नाही. राबण्याचे दिवस संपलेले आहेत. हे शेत गावी परतणाऱ्याच्या नजरेतून दिसते. पुढच्या अर्धशतकात हेच झुकते माप वाढत गेले. युरोपातून लाखो स्थलांतरित आले, आणि त्यांच्या मुलांना अमेरिकन करण्यासाठी शाळांना एक सोपी गोष्ट हवी होती: धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आलेले गरीब लोक, त्यांना मदत करणारे प्रेमळ मूलनिवासी, आणि एकत्र जेवण. जेनी ब्राउन्सकोम हिच्या १९१४ च्या प्रसिद्ध चित्रात वाम्पानोआग लोकांच्या डोक्यावर देशाच्या मधल्या भागातल्या गवताळ मैदानांतल्या लोकांचे पिसांचे मुकुट आहेत. किनाऱ्यावरचे लोक ते घालत नसत, पण प्रेक्षकाला तो फरक जाणवण्याइतकी ओळखच उरली नव्हती. १९२० च्या जनगणनेत शहरी अमेरिकन पहिल्यांदा बहुसंख्य झाले. मेसीज या दुकानाची फुग्यांसाठी आज गाजलेली मिरवणूक चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सुरू झाली.

ताटाचा इतिहासही याच वाटेने गेला. टर्की हा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोत तो माणसाळला, सोळाव्या शतकात स्पेनमार्गे युरोपात पोचला, आणि पोर्तुगीजांनी तो गोव्यालाही आणला. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीराच्या दरबारात नेलेल्या नवलाच्या प्राण्यांत टर्की होता. बादशहाने त्याच्या सरड्यासारख्या रंग पालटणाऱ्या मानेचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. म्हणजे प्लिमथच्या मेजवानीच्या नऊ वर्षे आधी हा पक्षी गोव्यावरून आग्र्याला पोचला होता. एका देशाचे कुलचिन्ह म्हणावे असे त्याच्यात काही नव्हते. एकोणिसाव्या शतकात व्हरमाँटहून बॉस्टनच्या बाजारापर्यंत टर्कींचे कळप पायी हाकत नेत. आज बाजारातला बहुतेक टर्की पांढऱ्या पिसांचा, रुंद छातीचा. पांढरा अशासाठी की उपटल्यावर कातडीवर काळे ठिपके दिसू नयेत. त्याची छाती इतकी जड झाली आहे की नरमादीचा नैसर्गिक संयोग होत नाही, कृत्रिम रेतन करावे लागते. क्रॅनबेरीची लागवड केप कॉडवर १८१६ मध्ये हेन्री हॉलने सुरू केली. वेलींवर वाळू उडून पडली की त्या जोमाने येतात हे त्याच्या ध्यानात आले होते. विसाव्या शतकात तिची जेली डब्यात बंद झाली; ती डब्यातून अखंड निघते, डब्याच्या वळ्या अंगावर तशाच, आणि कित्येक घरांत त्या वळ्यांवरच सुरी फिरवून चकत्या करतात. हिरव्या घेवड्याचे कॅसरोल हे आज ‘आजीच्या हातचे’ मानले जाणारे पक्वान्न १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशाळेवजा स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बेतले: मशरूम सूपचा डबा, घेवडा, वर तळलेला कांदा.

यावर कुणी म्हणेल की ही बाजाराने केलेली नासाडी आहे, मूळ सण वेगळाच होता. याला १९३९ ची हकीकत मोठा आधार देते असे दिसते. त्या वर्षी नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून फ्रेड लॅझारस यांच्यासारख्या बड्या दुकानदारांनी रूझवेल्ट यांना गळ घातली, आणि मंदीने बेजार झालेल्या राष्ट्राध्यक्षांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. देश दुभंगला. जवळपास निम्म्या राज्यांनी नवी तारीख घेतली, निम्म्यांनी जुनी धरून ठेवली, आणि टेक्सस-कोलोराडोसारख्यांनी दोन्ही दिवस सुट्टी दिली. कॅलेंडर छापणारे आणि फुटबॉलचे प्रशिक्षक चिडले. अखेर डिसेंबर १९४१ मध्ये काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. या भांडणात सगळे बोलले: दुकानदार, छापखाने, क्रीडासंघ, गव्हर्नर. पीक केव्हा तयार होते हा मुद्दा कुणी काढला नाही, कारण एव्हाना तो मुद्दाच नव्हता. बाजार इथे बाहेरून घुसलेला नाही. खपाऊ मासिकाच्या पानांतूनच हा सण देशभर गेला. जाहिरात, पाककृती आणि राष्ट्रभावना यांची मोट तेव्हापासूनच बांधलेली आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. सण घडवलेला असला म्हणून तो खोटा ठरतो का? सगळेच सण कुणीतरी केव्हातरी घडवलेले असतात. शिवाय या सणाच्या शेतापासून तुटण्यातच त्याचे बळ आहे असेही म्हणता येईल: त्याला चर्चची अट नाही, जातीची-वंशाची नाही, विशिष्ट पिकाची नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेले मराठी कुटुंबही टर्कीऐवजी आपल्या आवडीचे शिजवून तो पाळू शकते, आणि त्याला कुणी परके म्हणत नाही. हे मला मान्य आहे. घडवलेपणाबद्दल माझी तक्रार नाही. घडवताना काय गाळले ते मात्र मोजायला हवे. मका, भोपळा, घेवडा, क्रॅनबेरी, टर्की: ताटातले मुख्य पदार्थ याच खंडाचे, इथल्या लोकांनी हजारो वर्षे जोपासलेले किंवा ओळखून ठेवलेले. या लोकांचे स्वतःचे आभाराचे सोहळे वर्षभर पिकाबरोबर चालत, स्ट्रॉबेरी पिकली की एक, मक्याची कोवळी कणसे आली की दुसरा. ते सुगीचे सण होते, अगदी आपल्या नव्यासारखे. राष्ट्रीय सणाने पिके घेतली आणि पिकवणाऱ्यांना कथेतल्या पाहुण्यांची भूमिका दिली. १९७० मध्ये मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाली म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये समारंभ होता. वक्ता म्हणून वाम्पानोआग नेते वॉम्सुटा फ्रँक जेम्स यांना बोलावले गेले. आयोजकांनी भाषण आधी मागून घेतले. त्यात साथ, लूट आणि बळकावलेल्या जमिनी होत्या. ते भाषण देऊ दिले नाही. मग त्यांनी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी, राष्ट्रीय शोकदिन पाळला. तो आजही दरवर्षी पाळला जातो.

या शोकदिनाकडे सणात बिब्बा घालणारी गोष्ट म्हणून पाहणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. पण सणाचा आपला इतिहासच त्यांच्या विरोधात साक्ष देतो. हा दिवस १७७७ मध्ये युद्धविजयाचा होता, १७८९ मध्ये घटनेचा, १८६३ मध्ये फुटलेल्या देशाला सांधण्याचा, नंतर स्थलांतरितांना अमेरिकन करण्याचा आणि १९३९ मध्ये दुकाने चालवण्याचा. प्रत्येक पिढीने आपली नड त्याच्यावर लादली आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हरकत घेतली: जेफरसनने धर्माच्या कारणाने, व्हर्जिनियाने गुलामगिरीच्या, निम्म्या राज्यांनी तारखेच्या. कोल्स हिलवरची हरकत याच माळेतली आहे, आणि तिच्यापाशी विन्स्लोच्या पत्रातला पिकाचा हिशेब हा इतरांपेक्षा भक्कम पुरावाही आहे. शेताला बांधलेल्या सुगीच्या सणात कुणाचे आभार मानायचे हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण राबलेली माणसे पंगतीतच असतात. ज्याची तारीख पीक ठरवत नाही, कायदा ठरवतो, त्या सणाला हे उत्तर दर पिढीत नव्याने शोधावे लागते. आणि ते शोधताना वाद होणारच.